सहा इंचांनी आखूड

अॅबरफेल्डी
९ मार्च २०२५

चि. सुयश,

आशीर्वाद. कस्तुरीलाही सांग.

फोन करू नकोस म्हटलं होतं, तरी रविवारी केलासच. तू तिकडे ओरडत होतास आणि मी इकडे "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी कशाला हो म्हटलं ते मलाच ठाऊक नाही. बाबा रे, माझे कान कामातून गेलेत. पत्र लिही. तुझं अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं असलं तरी मला लागतं. चाळीस वर्षं भूल देण्याचं काम करताना सर्जन लोकांचं अक्षर वाचलंय मी.

आता कामाचं. तुझ्या काकांची रायफल रीतसर माझ्या सर्टिफिकेटवर आली. पोलिसांकडची बाई घरी येऊन कपाट बघून गेली, चिवडा खाल्ला, आणि मग हळूच विचारलं, "मिसेस खानझोडे, ही तुम्ही स्वतः वापरणार?" म्हटलं, नाही तर काय भिंतीला लावू? सदुसष्टाव्या वर्षी कोर्स करून, पहिल्या फटक्यात परीक्षा पास झालेय मी. गावाच्या सामाईक जंगलातला आपला हिस्सा मी सोडलेला नाही. हरणं कोवळी झाडं खातात, ती कमी करावीच लागतात, आणि काकांच्या जागी आता मी जाणार.

पण ती बंदूक आहे सहा फुटी माणसाची. उभी केली तर माझ्या खांद्याला लागते. झाडीत आधी नळी शिरते आणि मागून मी. त्यात कानांसाठी पुढे आवाज दाबणारा मॉडरेटर बसवायचा, म्हणजे अजून वीतभर. तर तू तुझ्या बंदुकांच्या वर्कशॉपमध्ये तिची सहा इंच नळी कापून दे. आमचा रोरी, जो जंगलाची देखभाल करतो, तो म्हणतो, नळी कापली की नेम गेलाच समज. खरं का हे?

मला हे नीट कळायला हवं, सुयश. या बंदुकीचा नेम एकदा गेलेला आहे. २०२२ च्या डिसेंबरात काकांची तीन हरणं हुकली आणि चौथ्या वेळी एका मादीचा पाय मोडला. रोरीनं दोन तास माग काढून तिला संपवलं. काका घरी आले ते थेट बंदूक पुसत बसले. हिवाळाभर असंच चाललं. फेब्रुवारीत मी त्यांचे हात तपासले आणि म्हटलं, "अहो, बस्स झालं आता. हात गेले तुमचे." लग्नानंतर माझं इतकं पटकन त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बंदूक कपाटात गेली ती गेलीच. चौदा महिन्यांनी तेही गेले.

मी त्यांना बरोबर सांगितलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तेवढं एक सोडलं तर तब्येत उत्तम आहे.

तुझी
अरुणाकाकू


रीडिंग
१७ मार्च २०२५

ती. अरुणाकाकूंस साष्टांग नमस्कार.

कोंबडीचे पाय परत एकदा सहन करा.

रोरीला सांगा, त्याचं म्हणणं अर्धवट आहे. नळी कापली की वेग कमी होतो, नेम नाही. इंचामागे सेकंदाला साधारण पंचवीस फूट वेग जातो. सहा इंचांचे झाले दीडशे. तुम्ही शंभर मीटरच्या पलीकडे मारणार नाही, तेवढ्यात हरणाला काय आणि तुम्हाला काय, फरक कळणार नाही. उलट आखूड नळी जास्त ताठ असते. शाळेत आपण पट्टी बाकाच्या कडेला दाबून टण्‌कन वाजवायचो ना? लांब बाहेर काढली की खूप हलते, थोडीच काढली की कमी. नळीचं तसंच असतं.

नेम बिघडतो तो कापणाऱ्याच्या हातानं. नळीच्या तोंडाची आतली कड, जिथून गोळी शेवटची सुटते, ती चारी बाजूंनी अगदी सारखी हवी. केसाएवढा खड्डा असला तरी मागून येणारा गॅस एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. ती कड कापणं हेच खरं काम. ते मी करेन. दोन वर्षांत आमच्या म्हाताऱ्या मालकांनी माझ्याकडून दुसरं काही करूनच घेतलेलं नाही.

आमच्याकडे एक नियम आहे. कापण्याआधी बंदूक बाकावर घट्ट बसवून निशाणाच्या कार्डावर पाच गोळ्या झाडायच्या, कापल्यावर परत पाच. दोन्ही कार्डं गिऱ्हाइकाला द्यायची, म्हणजे कुणाला भांडायला जागा नको.

बाकी खरं सांगू? मला ती कापवत नाही. नागपूरहून ग्लासगोला शिकायला आलो तेव्हा बाबांनी "आपले एक लांबचे काका तिकडे डॉक्टर आहेत" एवढंच सांगून पत्ता दिला होता. त्या लांबच्या काकांनी मला पहिल्या शनिवारी जेवायला बोलावलं आणि पुढची सहा वर्षं दर शनिवारी. या वर्कशॉपमध्ये मी आहे तोही त्यांच्या शिफारसपत्रामुळे. त्यांची वस्तू करवतीखाली धरायची म्हणजे कसंतरीच होतं. पण तुम्ही म्हणता म्हणजे करणारच.

तुमच्या गावातल्या बंदुकांच्या दुकानातून आमच्याकडे पाठवा. कस्तुरी नमस्कार सांगते.

आपला
सुयश


अॅबरफेल्डी
२ एप्रिल २०२५

चि. सुयश,

बंदूक आज दुकानात दिली. कसंतरी वगैरे काही वाटून घेऊ नकोस. वापरायची वस्तू आहे, देव्हाऱ्यातली नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पट्टीचं उदाहरण रोरीला करून दाखवलं. त्यानं माझी लाकडी पट्टी मोडली आणि म्हणाला, ऐ, मे बी. म्हणजे हो, असेल बुवा.

पण मला त्या दोन कार्डांचं पटलं. कापायच्या आधीचं कार्ड मला हवंय, सुयश. विसरू नकोस. बंदूक बाकावर घट्ट बसवलेली, म्हणजे त्यात कुणाच्या हाताचा संबंध नाही. त्या पाच गोळ्या एकत्र लागल्या, तर बंदूक चांगली होती आणि काकांचे हात गेले होते. मी सांगितलं ते बरोबर. आणि त्या पांगल्या, तर माझं चुकलं. एवढं सोपं आहे. हे दोन वर्षांपूर्वीच कुणी करून बघितलं नाही, कारण डॉक्टरांची बंदूक मागायची कशी, म्हणून सगळे गप्प. मीसुद्धा.

मटण मसाला संपत आला. नागपूरहून कुणी येणार असेल तर सावजीचा घरगुती आणायला सांग. इथले लोक हरणाचा सावजी रस्सा खाऊन नाकं पुसतात आणि परत वाढा म्हणतात.

अरुणाकाकू


रीडिंग
१९ मे २०२५

ती. अरुणाकाकूंस नमस्कार.

काम झालं, काकू. नळी आता वीस इंचांची आहे. कापलेली नळी सुरक्षित आहे ना, या प्रूफ हाऊसच्या तपासणीला तीन आठवडे लागले म्हणून उशीर, काकू. पाचही गोळ्या एका बत्ताशाखाली झाकतील, कार्ड सोबत आहे. इतकं छान कार्ड माझ्या हातून पहिल्यांदाच निघालं, काकू.

कापायच्या आधीचं कार्डही काढलं होतं, पण काकू, त्यावर तेल सांडलं आणि ते टाकून द्यावं लागलं. त्यात विशेष काही नव्हतं, काकू. जुनी नळी असते तशी होती.

मॉडरेटर प्रत्येक वेळी वापरून झाला की काढून पुसायचा, काकू. नळीवर तसाच ठेवू नका. ओलावा धरतो.

मसाल्याचं सांगितलंय.

सुयश


अॅबरफेल्डी
२७ मे २०२५

चि. सुयश,

बंदूक आली. हातात घेतली आणि माझीच वाटली. शुक्रवारी रोरीबरोबर जाऊन मारून बघितली. माझ्यासारख्या नवशिकीच्या तीन गोळ्या तीन बोटांत. रोरीनं स्वतः कार्डावर बोटं ठेवून मोजली. तुझं काम सुरेख झालंय. मालकांना सांग माझ्याकडून.

आता तुझ्या पत्राबद्दल. नेहमी तू दोन पानांत एकदा "काकू" म्हणतोस. या वेळी मी मोजले, नमस्कारातला सोडून सहा. लहानपणी तू काय करायचास मला माहीत नाही, पण विशीपासून मी तुला बघतेय. काचेचं भांडं फोडलंस की घरात नुसतं काकू, काकू व्हायचं.

तेल कुठं सांडलं नाही. रिपोर्ट लपवणारे नातेवाईक मी जन्मभर बघितलेत रे. ते सगळे असेच थोडं जास्त गोड बोलतात. त्या म्हातारीला धक्का बसेल, असं तुला वाटत असेल. बसू दे. पण मी सकाळी चहा करताना, दुपारी झोपताना, बाजारात रांगेत उभी असताना एकच विचार करत असते की त्या माणसाचे हात खरंच गेले होते का. दोन वर्षं झाली. तू उत्तर खिशात घेऊन बसलायस आणि मला मॉडरेटर पुसायला सांगतोयस!

ते कार्ड पाठव.

अरुणाकाकू


रीडिंग
८ जून २०२५

ती. अरुणाकाकू,

कार्ड पाठवतोय. तेल सांडलं नव्हतं.

पाच गोळ्या भाकरीएवढ्या जागेत पांगल्यात. बंदूक बाकावर घट्ट होती. मी दुसऱ्यांदा मारल्या, मग मालकांनी स्वतः मारल्या, तरी तेच. काकांचे हात गेले नव्हते. शंभर मीटरवर ती बंदूक कुणाच्याही हातून हुकली असती.

इथं थांबता आलं असतं. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर एवढंच आहे. पण कस्तुरी म्हणाली, अर्धं सांगणार असशील तर पत्रच टाकू नकोस. तिनं हे वाचलंय. शेवटपर्यंत लिहिल्याशिवाय मला जेवायला वाढणार नाही म्हणते.

मी नळीचं तोंड भिंगाखाली धरलं. आतल्या कडेला खालच्या बाजूला गंज खाऊन खड्डे पडले होते. उघड्या डोळ्यांना दिसणार नाहीत असे. वरून तेलानं सगळं चकचकीत. गंजाचा डाग गोल होता, बोटाच्या टोकाएवढा. मालक म्हणाले, "कुणीतरी याच्यावर काहीतरी ओलं लावून ठेवलं होतं." त्यांना कळलं नाही काय ते. मला कळलं. मी बाहेर जाऊन व्हॅनमध्ये बसलो.

काकू, २०२२ ची खंडेनवमी आठवते का? तुमच्या दिवाणखान्यात पाट मांडून मी शस्त्रपूजा केली होती. तुमचा भूल देतानाचा लॅरिंगोस्कोप, काकांचा स्टेथोस्कोप, माझा व्हर्नियर, आणि मधे रायफल. काका म्हणाले होते, "मी इतकी वर्षं हे काही केलं नाही." आणि मी म्हटलं, या वर्षी सगळं नीट, घरच्यासारखं करू. मग तोंडाशी नळी काळपट दिसते म्हणून मी ती लिंबू-मिठानं घासली. घरी आई पितळेचे दिवे घासायची तशी. काका बघत होते. "अरे, पोलाद आहे ते, समई नव्हे," म्हणाले, पण हसून म्हणाले, आणि तुम्हाला म्हणाले, "करू दे पोराला." मग मी ओली हळद आणि कुंकू बोटानं दोन्ही टोकांना लावलं. दसऱ्यापर्यंत पूजा हलवायची नाही, म्हणून तशीच ठेवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची टॅक्सी आली. तुमच्या भाच्याच्या, यशोधनच्या लग्नासाठी तुम्ही दोघं नागपूरला निघालात. घाईत काकांनी बंदूक आहे तशी कपाटात टाकली. "आल्यावर पुसू," म्हणाले. तुम्ही आलात नोव्हेंबरच्या शेवटी. सात आठवडे मीठ आणि ओल त्या कडेला बसून होती.

आल्यावर त्यांनी पुसली असणार, तेल दिलं असणार. ते फार व्यवस्थित होते. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आणि डिसेंबरात हुकायला लागलं.

तेव्हा मी मोटारीचे भाग करणाऱ्या कंपनीत होतो. बंदुकीतलं मला काही कळत नव्हतं. पण लोखंडाला मीठ लावू नये हे कळायला बंदूक कशाला कळायला हवी? आणि मला कळत नाही असं म्हणावं, तर त्यानंतर चारच महिन्यांनी त्यांनी मला या बंदुकांच्याच कामासाठी शिफारस दिली.

काकांना वाटलं आपण संपलो. ते तसंच समजून गेले. त्याला कारण मी आहे, तुम्ही नाही. तुम्ही त्यांच्याकडे बघून जे दिसलं ते सांगितलंत. हे तुम्हाला सांगू नये, हेही मीच ठरवलं. कारण लाज वाटली. दुसरं काही नाही.

कापलेला तुकडा माझ्याकडे आहे. मागाल तर पाठवेन, नाहीतर फेकून देईन. तुम्ही लिहिलं नाहीत तरी मी समजेन.

सुयश


अॅबरफेल्डी
२० जुलै २०२५

चि. सुयश,

सहा आठवडे लागले मला. त्यातले पहिले तीन मी तुझ्यावर संतापलेली होते, ते लपवत नाही. एकदा पत्र लिहिलं, त्यात तुला गाढव म्हटलं, आणि ते पेटीत टाकायला गेले आणि परत घेऊन आले. लिंबू-मीठ! अरे, ग्लासगोत इंजिनिअरिंग शिकून आलेला माणूस ना तू?

मग राग उतरला. उतरला कारण तुझं ते व्हॅनमध्ये जाऊन बसणं मला दिसायला लागलं. जेवतोयस ना नीट? कस्तुरीला म्हणावं, आता वाढ त्याला.

तो तुकडा फेकून दे. मला नकोय.

गेल्या शनिवारी जंगलाच्या मंडळींची सभा होती, रोरीच्या स्वयंपाकघरात. पाच जण आणि दोन कुत्रे. मी दोन्ही कार्डं घेऊन गेले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. म्हटलं, हे आधीचं, हे नंतरचं, बंदूक तीच, आणि आधीच्या कार्डावर डॉक्टरांचा हात नाही. कुंकवाचं काही सांगितलं नाही, नुसता गंज म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही. रोरीनं कार्ड उचललं, चष्मा लावून बघितलं, खाली ठेवलं, परत उचललं. मग म्हणाला, "एकदा मागितली असती त्याच्याकडे, दोन गोळ्या मारून बघितल्या असत्या, तर झालं असतं. मी मागितली नाही. कारण तो डॉक्टर." आणि उठून बाहेर कुत्र्यांना पाणी द्यायला गेला. कुत्रे आतच होते. बाकीचे खूप वेळ काकांबद्दल बोलत बसले, जुन्या गोष्टी, चांगल्या चांगल्या. मला अर्धंच ऐकू आलं. पण त्यांचे चेहरे बघून मला फार बरं वाटलं.

तर तेवढं झालं. त्यांचं नाव धुवून निघालं. आता तुला एक सांगायचंय, जे मी तिथं सांगितलं नाही.

तू लिहिलंस, तुम्ही त्यांच्याकडे बघून जे दिसलं ते सांगितलंत. तसं नाही ते. मी त्यांचे हात समोर धरायला लावले, बोटांवर एक कागद ठेवला, कागद हलला, आणि म्हटलं हात गेले. सुयश, सत्तरीच्या कुठल्याही माणसाच्या बोटांवर कागद हलतो. माझ्याही हलतो. हे मला तेव्हा माहीत होतं. परक्या पेशंटला एवढ्यावरून मी काहीही सांगितलं नसतं. हसून घरी पाठवलं असतं.

मला निमित्त हवं होतं रे. बारा वर्षं मी त्या खिडकीत बसून वाट बघत होते. सकाळी जायचे ते दुपारी येणार म्हणून जायचे आणि चार तास उशिरा यायचे, चिंब भिजून, एकदा तर गुडघा फुटलेला. डोंगरात फोन लागत नाही. दरवेळी मी मनातल्या मनात त्यांचं क्रियाकर्म उरकून बसलेली असायचे, आणि हे दार उघडून विचारायचे, "चहा आहे का गं?" मी किती भांडले असेन. ऐकायचे नाहीत. मग त्या हिवाळ्यात हरणं हुकायला लागली आणि माझ्या हातात आयतंच निमित्त आलं. तू लावलेल्या कुंकवानं नेम बिघडला, हे खरं. पण बंदूक त्यांच्या हातातून मी काढून घेतली. नेम ठीक असता तर दुसरं काहीतरी शोधलं असतं मी. डोळे म्हटले असते, हृदय म्हटलं असतं. डॉक्टरीणबाईंना कारणांची काय कमी?

म्हणून सगळं आपल्या अंगावर घेऊ नकोस. तुझ्या वाट्याला येतं तेवढंच घे. ते पुरेसं आहे, आणि तेही काका बघत असताना केलंस. त्यांनी तुला नको म्हटलं असतं तर तू थांबला असतास. पण तू घरच्यासारखं करायला बसला होतास आणि त्यांना तुझं मन मोडायचं नव्हतं. बंदुकीपेक्षा तू त्यांना जास्त होतास, एवढं कळून घे.

ऑगस्टमध्ये दोघं या. मी तुला डोंगरावर नेईन. आता त्या खिडकीत कुणी नसतं, त्यामुळे उशीर झाला तरी चालतो.

एक मात्र कुणालाच बोलले नव्हते, तुला लिहिते. ते चौदा महिने ते रोज घरी होते. सकाळी मला चांगल्या कानात पेपर वाचून दाखवायचे. वाकड्यातिकड्या का होईना, पोळ्या लाटायला शिकले. संध्याकाळी दारात कुणाची वाट बघायची नव्हती. दुपारी कधीकधी ते दुर्बीण घेऊन डोंगराकडे बघत बसायचे, तेव्हा मी चहा टाकायला आत जायचे. माझ्या सगळ्या संसारातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, सुयश. त्यांना ते कसं गेलं, हे मी एकदाही विचारलं नाही.

तुझी
अरुणाकाकू